आधी मरतो, मग जेवतो

ऑपरेटरच्या घरात साखरेच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं आहे आणि मिठाच्या डब्यावर ‘मीठ’. तरी गेली एकतीस वर्षं हा माणूस चहात साखर घालण्याआधी झाकण उघडतो, दोन दाणे तळहातावर घेतो, जिभेला लावतो आणि मगच चमचा आत घालतो. बायको सुरुवातीला हसायची, मग चिडायला लागली, आता बघतही नाही. एखाद्या पाहुण्यानं विचारलंच तर म्हणते, “त्यांचा झाकणांवर विश्वास नाही. बायकोवर आहे म्हणतात, पण ते मी कधी तपासून घेतलं नाही.”

ऑपरेटर म्हणजे सिनेमाच्या मशीनचा ऑपरेटर. थिएटर बंद पडून तिथे फरशांचं दुकान झालं, मशीन भंगारात गेलं, गुडघे झिजले, वय अडुसष्टावर गेलं, तरी हाक तीच. आता तर बायकोही तेच म्हणते, म्हणजे त्याच्या पाठीमागे. तोंडावर अर्थातच ‘अहो’.

त्या दिवशी फिल्म क्लबच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसून एका पायात मोजा घालत होता. दुसरा मोजा घालायचा की नाही यावर त्याचा विचार चालू होता. अलीकडे अशा गोष्टींचाही त्याला विचार करावा लागे. थकवा अंगात मुरला होता, आणि झोपून जाईल अशी आशा आता उरली नव्हती.

फोन बायकोनं घेतला. बोलली ती पाचच मिनिटं, पण फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

“आपल्या पेंटरचा सिनेमा लावणार आहेत,” ती म्हणाली. “वाचनालयाच्या हॉलमध्ये. जुने, शिव्या खाल्लेले सिनेमे पुन्हा बघायचे, असा काहीतरी त्यांचा उपक्रम आहे. आता म्हणे तरुण मुलं तसल्या सिनेमांच्या शोधात असतात. मेल्या म्हशीला मणभर दूध! पण ऐका तर, तो चष्मेवाला येणार आहे. बघायला. आणि मग उभं राहून बोलायलाही. आणि मशीन तुम्ही चालवायचंय. दुसऱ्या कुणाला येतच नाही आता.”

ऑपरेटर हातातल्या मोज्याकडे बघत राहिला.

“आता गिळू दे मेल्याला आपले शब्द,” बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजायला लागली.

पेंटर म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ऑपरेटरचा मेहुणा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षराला अशी सावली द्यायचा की अक्षर पाटीवरून उचलून घ्यावंसं वाटे. पण त्याच्या डोक्यात पाट्या नव्हत्या, तलवारी होत्या. तलवारी, चेटूक, गुहा आणि एक अजगर. सुट्टीच्या दिवशी मित्रांना गोळा करून, चार वर्षं राबून, त्यानं एक सिनेमा काढला. नाव ‘राखेचा मुकुट’.

अजगर ताडपत्रीचा होता. आत दोन मावसभाऊ होते, आणि एका दृश्यात अजगर शिंकतो ते खरोखर त्यातला एक शिंकला म्हणून. चेटक्याचं काम एका निवृत्त पोस्टमननं केलं होतं. त्याचा खोकला खरा होता, तोही सिनेमात आहे. बाकी सगळ्यांच्या तलवारी पत्र्याच्या, पण नायकाची तलवार पेंटरनं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या लोखंडाची घडवून घेतली. नायक झालेला व्यायामशिक्षक रडकुंडीला यायचा. उचलताना त्याचे खांदे थरथरत. पेंटर म्हणायचा, “तलवार हलकी असली की माणूस खोटा लढतो.”

गोष्ट साधीच. एका चेटक्यानं एका गावाची झोप चोरलेली असते. गावातली माणसं उभ्या उभ्या झिजत चाललेली. एक थकलेला योद्धा ती झोप परत आणायला निघतो. सहाव्या रिळात तो चेटक्याच्या गुहेत पोचतो, आणि म्हातारा चेटक्या, हा आपल्याला मारायला आलाय हे पक्कं ठाऊक असून, त्याला समोर बसवून वाढतो. म्हणतो, “पोटभर जेव. मग जे करायचं ते कर.” दोघं जेवतात. सातव्या रिळात योद्धा त्याला मारतो आणि मारताना रडतो.

पत्रकारांसाठीचा खेळ ऑपरेटरच्या थिएटरात ठेवला होता. आदल्या संध्याकाळी ऑपरेटरनं एकट्यानं सगळी बारा रिळं लावून तपासली. तपासली कसली, बघत बसला! मेहुण्याचं काम म्हणून कौतुकानं बघायला गेला आणि सहाव्या रिळाशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरच्या माणसाच्या डोक्यात एवढं काही असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याच तंद्रीत त्यानं रिळं गुंडाळली, डब्यांत घातली आणि झाकणं लावली.

केबिनमधला नियम त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी शिकवला होता. आकडा असतो डब्याच्या झाकणावर. झाकणाची अदलाबदल होऊ शकते. म्हणून रीळ मशीनवर चढवताना फिल्मच्या सुरुवातीची पट्टी उजेडात धरायची आणि तिच्यावरचा आकडा वाचायचा. “झाकण खोटं बोलतं, पट्टी बोलत नाही,” उस्ताद म्हणे, आणि विसरणाऱ्याच्या टाळक्यात टपली मारी. तोवरच्या बारा वर्षांत ऑपरेटरनं एकदाही पट्टी वाचायची सोडली नव्हती.

त्या दिवशी सोडली. कारण तो भिंतीतल्या झरोक्याला डोळा लावून उभा होता. पाचवं रीळ चालू होतं, ताडपत्रीचा अजगर उलगडत होता, आणि खाली दुसऱ्या रांगेत तो जाड चष्म्याचा समीक्षक, ज्याच्या लेखणीला सगळे टरकून असत, तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. पुढे सरकून! ऑपरेटरला इतका आनंद झाला की हातांनी दुसऱ्या मशीनवर रीळ चढवलं ते डोळ्यांना कळलंच नाही. झाकणावर सहा होता. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याचा काळा ठिपका आला, त्यानं मशीन बदललं.

आणि पडद्यावर योद्ध्यानं चेटक्याच्या छातीत तलवार खुपसली.

दहा सेकंदांत त्याला कळलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय तेही कळलं. मशीन थांबवायचं, दिवे लावायचे, रीळ बदलायचं, तीन मिनिटांचं काम. पण शेवटच्या रांगेत थिएटरचा मालक बसला होता, आणि आदल्याच महिन्यात त्यानं दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला खेळ तीन मिनिटं बंद पडला म्हणून काढून टाकलं होतं. राहायच्या दोन खोल्याही थिएटरच्याच मागच्या. ऑपरेटरनं स्वतःची समजूत घातली, की जादूचाच तर सिनेमा आहे, मेलेला माणूस उठला तर उठला, कुणाच्या लक्षात येतंय. आणि निदान काही गाळलं असं नको म्हणून त्यानं सातव्यानंतर सहावं लावलं. मेलेला चेटक्या गुहेत मांडी घालून बसला आणि म्हणाला, “पोटभर जेव.” खाली हशा पिकला. सगळ्यात आधी मोठ्यानं हसला तो चष्मेवाला. आता तो खुर्चीत मागे रेलून बसला होता.

पेंटर हॉलमध्ये नव्हताच. समीक्षकांची तोंडं बघवणार नाहीत म्हणून तो खेळभर फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: “या चित्रपटातला चेटक्या आधी मरतो आणि मग जेवतो. दिग्दर्शक मात्र आधीच जेवून झोपी गेला असावा.” बाकी परीक्षण कुणी वाचलं नाही, वाचायची गरजच नव्हती. ते वाक्य गावभर झालं. न्हाव्याच्या दुकानात, बसच्या रांगेत, कुणाचं काही उलटसुलट झालं की लोक म्हणत, “आधी मरतो, मग जेवतो!” सिनेमा दुसऱ्या एका थिएटरात लागला, तिथे नीट क्रमानं दाखवला गेला, पण बघायला होतं कोण? चौथ्या दिवशी उतरला.

परीक्षण आलं त्याच सकाळी पेंटर पेपर घेऊन केबिनमध्ये आला होता.

“भाऊजी, काल सगळं नीट झालं ना?”

“झालं की.”

“रिळं वगैरे?”

“अरे, मी काय आज लागलोय का कामाला?”

पेंटरनं त्याच्याकडे बघितलं. मग कोपऱ्यात रचलेल्या डब्यांकडे बघितलं. “बरं,” म्हणाला आणि डबे उचलून घेऊन गेला.

एवढंच. एवढ्याशा प्रसंगावर ऑपरेटरनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती एकतीस वर्षं थुंकली नाही. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, त्याचा राग शांत झाला की सांगू. पण पेंटरला राग आलेलाच दिसत नव्हता, मग तो शांत कधी व्हायचा? बायको मात्र पेटली होती. “पेपरात जा, त्या चष्मेवाल्याची मानगूट धर, विचार त्याला हे कुठे आहे सिनेमात!” ती भावाला म्हणायची. भाऊ म्हणायचा, “जाऊ दे ताई.” तिनं ते परीक्षण कापून पर्समध्ये ठेवलं. पर्सा बदलल्या, कात्रण तेच राहिलं.

पेंटरनं पुन्हा सिनेमा काढला नाही. लग्नही केलं नाही. पाट्या रंगवत राहिला. आणि दर रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला यायचा. जेवण झालं की तो आणि ऑपरेटर गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसत. आत बायको भांडी आवरता आवरता चष्मेवाल्याचा उद्धार करी. ऑपरेटर मान खाली घालून ऐके. तासाभरानं पेंटर उठायचा, दारात चपला घालायचा, उंबऱ्यात थांबायचा आणि म्हणायचा, “आणखी काय विशेष, भाऊजी?”

“विशेष काही नाही,” ऑपरेटर म्हणायचा.

“बरं. येतो.”

कितीदा ऑपरेटरच्या ओठांवर आलं. एकदा तर बायको बाहेरगावी होती, घरात दोघंच होते, त्यानं सुरुवातही केली. “ऐक ना, त्या सिनेमाच्या वेळी...” पेंटर पेला खाली ठेवून ऐकायला लागला, हातसुद्धा हलवला नाही. आणि ऑपरेटर म्हणाला, “त्या सिनेमाच्या वेळी तो अजगर कुठून शिवून घेतला होतास?” पेंटरनं शिंप्याचं दुकान कुठे ते सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी पेंटर आजारी पडला तो उठला नाही. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ऑपरेटर एक अख्खी दुपार त्याच्या उशाशी बसून होता. निघायला उठला तेव्हा पेंटरनं डोळे उघडले आणि त्या तसल्या आवाजात विचारलं, “आणखी काय विशेष, भाऊजी?”

“विशेष काही नाही. तू आधी बरा हो,” ऑपरेटर म्हणाला.

हे आठवलं की त्याला कुठेतरी बसावं लागतं. रस्त्यात असला तर दुकानाच्या पायरीवर बसतो. लोकांना वाटतं, गुडघे.

खेळ रविवारी दुपारी चारचा होता. डबे पेंटरच्या दुकानाच्या माळ्यावर पडून होते, ते क्लबवाल्यांनी परस्पर वाचनालयात नेऊन ठेवले होते. ऑपरेटर दोन तास आधी गेला. बायको मागाहून येणार होती. सकाळपासून तिची तयारी चालली होती, ठेवणीतली साडी बाहेर आली होती, आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. चष्मेवाल्याला ऐकवायची वाक्यं असावीत.

केबिनला अकरा पायऱ्या. लोखंडी, अरुंद. तो दोनदा थांबून वर पोचला. मशीन बघून मात्र बरं वाटलं. जुनंच होतं, पण कुणीतरी जीव लावून जपलेलं. त्यानं तेल घातलं, चाकं फिरवून पाहिली, भिंग पुसलं. मग डब्यांकडे वळला. ते रंगाच्या डागांनी भरलेल्या जुन्या कापडात बांधलेले होते. त्यानं गाठ सोडली.

झाकणांवर आकडे होते. पण जुने, कागदाच्या चिठ्ठीवरचे नव्हेत. तैलरंगानं रंगवलेले, दुकानाच्या पाटीवर काढतात तसे, सावलीसकट. पेंटरचा हात. एक, दोन, तीन. ऑपरेटरनं सहावा डबा उचलला. डब्याच्या पोटावरही सहा. उलटा केला तर बुडालाही सहा. झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूलाही सहा, आणि डब्याच्या तळाशी, रिळाखाली दिसणार नाही असाही एक सहा. सातव्यावर तसेच सात. बाराही डब्यांवर तसंच. झाकण कुठलंही कुठे जाऊ दे, आता चूक होणं शक्य नव्हतं.

ज्या सिनेमाला कुणी पुन्हा हात लावणार नव्हतं, त्याच्या डब्यांवर एका माणसानं बसून हे साठ आकडे रंगवले होते.

ऑपरेटर स्टुलावर बसला. पेंटरला माहीत होतं, हे त्याच्या डोक्यात हळूहळू शिरलं. त्या सकाळी केबिनमध्ये डब्यांकडे बघितलं तेव्हाच, किंवा घरी जाऊन झाकण उघडलं तेव्हा. स्वतःचा सिनेमा त्याला पाठ होता, चेटक्या मेल्यावर जेवत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पेपरात गेला असता तर चष्मेवाल्यानं माफी मागितली असती, सिनेमा वाचला असता, आणि ऑपरेटरची नोकरी आणि ताईच्या दोन खोल्या गेल्या असत्या. म्हणून ‘जाऊ दे ताई’.

खालून खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायला लागले तेव्हा तो उठला. सगळ्या डब्यांवर पाच-पाच ठिकाणी आकडे असूनही त्यानं प्रत्येक रिळाची पट्टी उजेडात धरून वाचली. दोन-दोनदा वाचली.

चाळीस-पन्नास माणसं होती, बरीचशी तरुण. तिसऱ्या रांगेत बायको. पहिल्या रांगेत काठी टेकून चष्मेवाला. ऐंशी तरी असेल, चष्मा अजून जाड झालेला. सिनेमा सुरू झाला. अजगर शिंकला तेव्हा पोरं हसली, पण ते हसणं वेगळं होतं, घरातल्या लहान मुलाला हसावं तसं. योद्ध्यानं डोंगराच्या पायथ्याशी तलवार खाली टेकली, बुटातला खडा काढला, आणि पुन्हा तलवार उचलायच्या आधी तिच्याकडे नुसता बघत राहिला, तेव्हा हॉल गप्प झाला. मग सहावं रीळ आलं. चेटक्यानं वाढलं. “पोटभर जेव. मग जे करायचं ते कर.” कुणी हसलं नाही.

झरोक्याला डोळा लावून ऑपरेटरनं ते जेवण शेवटपर्यंत बघितलं. सिनेमात आधी जेवण होतं आणि मग वार. त्याच्या घरात आधी वार झाला होता आणि मग एकोणतीस वर्षं जेवणं. चष्मेवाल्यानं लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, फक्त ते दुसऱ्याच गोष्टीचं परीक्षण होतं.

दिवे लागले. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. सेक्रेटरीबाईंनी चष्मेवाल्याला माईक दिला. तो काठीवर भार टाकून उभा राहिला.

“मला वाटलं होतं, येईन, दोन चांगले शब्द बोलेन आणि जाईन,” तो म्हणाला. “पण आज मला एक भलतंच दिसलं. मी जे लिहिलं होतं ते या सिनेमात नाही. चेटक्या मेल्यावर जेवत नाही. इथे नाहीच तसं. म्हणजे मी न पाहिलेलं लिहिलं. ज्या वाक्यावरून लोक मला ओळखतात, ते वाक्यच खोटं. मला एकच अर्थ लागतो, की त्या दिवशी मी झोपलो होतो. तेव्हा मी दिवसाला तीन-तीन सिनेमे बघायचो, थकलेला असायचो. डुलकी लागली असेल, आणि अर्धवट झोपेत क्रम उलटा दिसला असेल. मी येत्या रविवारच्या पुरवणीत तसं लिहिणार आहे. एका माणसाचं आयुष्य मी झोपेत पुसलं, असं.” त्यानं चष्मा काढून हातात धरला. “मी पन्नास वर्षं लिहिलं. आता मला सगळ्याचाच संशय येतोय.”

तिसऱ्या रांगेतल्या बायकोनं पर्स उघडली. ती उठायच्या बेतात होती.

अकरा पायऱ्या उतरायला ऑपरेटरला किती वेळ लागला कुणास ठाऊक. तो हॉलच्या मधल्या वाटेनं पुढे आला तेव्हा त्याच्या हाती सहाव्या डब्याचं झाकण होतं. ते आपण का आणलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“तुम्ही झोपला नव्हता,” तो म्हणाला.

माईक नव्हता, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. “तुम्ही झोपला नव्हता. तुम्ही पाहिलंत तसंच मी दाखवलं होतं. सातवं आधी लावलं, सहावं नंतर. मी पट्टी वाचली नाही. कळल्यावरही थांबवलं नाही. चूक माझी. तुमची नाही आणि त्याची तर नाहीच.”

ऑपरेटरनं बायकोकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

चष्मेवाला खुर्चीत बसला. आधी त्याच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसली, लपवायची म्हटली तरी लपली नसती. मग तीही गेली. “मी पुढे सरकून बसलो होतो,” तो म्हणाला. “आठवतंय मला. चांगला चालला होता सिनेमा. मग एकदम असं कसं झालं, असं वाटलंही होतं. वर येऊन विचारायला हवं होतं. वीस पावलं होती. पण ते वाक्य सुचलं होतं हो. असं वाक्य सुचलं की माणूस विचारायला जात नाही.”

मग चष्मेवाल्यानं हात पुढे केला आणि ऑपरेटरनं तो धरला, कारण दुसरं काय करायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. एरवी ती त्याच्या गुडघ्यांसाठी सावकाश चालते. आज चालली नाही. कोपऱ्यावर तो थांबला तर तीही थांबली, पण मागे वळली नाही. त्याची धाप कमी झाल्याचं ऐकू आलं तशी पुन्हा चालू लागली.

घरात आल्यावर तिनं दिवा लावला. पर्समधून कात्रण काढलं. घड्यांवर ते चिरलं होतं, मागून चिकटपट्टी लावलेली होती. ते तिनं टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं.

“हे आता तुम्ही सांभाळा,” ती म्हणाली. “मी इतकी वर्षं भलत्याच माणसाला शिव्या दिल्या.”

त्यानं कात्रण उलटं करून ठेवलं. मग म्हणाला, “त्याला माहीत होतं. डब्यांवर त्यानं आकडे रंगवलेत. आतून, बाहेरून. मला आज दिसले. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

तिला वाईट वाटेल, बरं वाटेल, काहीतरी वाटेल अशी त्याची अपेक्षा होती. ती नुसती उभी राहिली. हात टेबलाच्या कडेवर होते. मग तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “आणि तरी दर रविवारी यायचा. तुम्हाला काय वाटलं, माझ्या हातचं जेवायला यायचा?”

ऑपरेटरनं मान वर केली.

“दारात उभा राहून विचारायचा तो तुम्हाला,” ती म्हणाली. “चपला घालून झाल्या तरी थांबायचा. मला वाटायचं, काय ही सवय याची. हॉस्पिटलातसुद्धा विचारलं त्यानं. तुम्हीच घरी येऊन मला सांगितलं होतंत.”

ती आत गेली. डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला, मग पातेल्यात पाणी ओतल्याचा. चहा एकाच कपाचा होता की दोन कपांचा, हे बाहेर बसून कळत नव्हतं. तो उठून दारापाशी गेला, दार उघडलं आणि उंबऱ्यात, जिथे पेंटर चपला घालून उभा राहायचा तिथे, बराच वेळ उभा राहिला.